उपकरणांची अदृश्य कुजबुज मोजणारा कक्ष

संगणक, दूरचित्रवाणी संच, एलईडी दिवा किंवा मोबाईलचा चार्जर, यांपैकी कोणतेही उपकरण सुरू असताना त्यातून कमी-अधिक प्रमाणात रेडिओलहरी बाहेर पडत असतात. त्या कोणी हेतुतः प्रक्षेपित करीत नाही. वेगाने चालू-बंद होणाऱ्या विद्युतप्रवाहाचे ते अनाहूत उपउत्पादन होय. एफएम केंद्र ऐकत असताना शेजारचा दिवा लावताच सुरू होणारी खरखर हे त्याचे घरगुती उदाहरण. हे उत्सर्जन मर्यादेत आहे किंवा नाही, याचा निवाडा ज्या कक्षात होतो त्यास ‘ॲनिकोइक चेंबर’, अर्थात परावर्तनरहित कक्ष असे म्हणतात.

या प्रश्नाची सुरुवात नभोवाणीपासूनच झाली. रेडिओच्या श्रोत्यांना होणारा उपद्रव रोखण्यासाठी ‘सिस्पर’ या आंतरराष्ट्रीय समितीची स्थापना १९३४ मध्ये झाली आणि आजही बहुतेक देशांची मानके तिच्याच प्रकाशनांवर आधारलेली आहेत. घरगुती वापराच्या संगणकीय उपकरणापासून १० मीटर अंतरावर, ३० ते २३० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात, ३० डेसिबल मायक्रोव्होल्ट प्रतिमीटर एवढीच क्षेत्रतीव्रता या मानकांना मान्य आहे. साध्या भाषेत सांगायचे तर, मीटरमागे सुमारे ३२ मायक्रोव्होल्ट. शहरातील एफएम केंद्राची तीव्रता याच पट्ट्यात कित्येक मिलिव्होल्ट, म्हणजे शेकडो पटींनी अधिक असू शकते.

पूर्वी अशी मोजणी शहरापासून दूर, मोकळ्या मैदानात केली जाई. परंतु नभोवाणी, दूरचित्रवाणी आणि पुढे मोबाईलचे मनोरे सर्वत्र पोहोचल्यानंतर तशी शांत जागा मिळणे दुरापास्त झाले. बाहेरचे संकेत अडविण्यासाठी पोलादी पत्र्याची बंद खोली उभारता येते. बंदिस्त धातूचे आवरण विद्युतक्षेत्र रोखते, हे मायकेल फॅरेडे यांनी १८३६ मध्येच दाखवून दिले होते. मात्र येथे एक नवीच अडचण उभी राहते. धातूच्या भिंती आतील लहरीही परतवतात. परावर्तित लहरी काही ठिकाणी एकमेकींना बळ देतात, तर काही ठिकाणी नाहीशा करतात. रिकाम्या पत्र्याच्या खोलीत या कारणाने २० डेसिबलहूनही अधिक, म्हणजे दसपट, चूक होऊ शकते. अशा मोजणीवर उत्पादकाचे भवितव्य ठरविणे अर्थातच अन्यायाचे ठरेल.

म्हणून भिंती आणि छत लहरी शोषून घेणाऱ्या पदार्थांनी मढवितात. कार्बनयुक्त फेसाचे निळे-काळे पिरॅमिड या कक्षांच्या छायाचित्रांत ठळकपणे दिसतात. त्यांच्या निमुळत्या आकारामुळे लहर हळूहळू आत शिरते व तिचे उष्णतेत रूपांतर होते. तथापि ३० मेगाहर्ट्झला तरंगलांबी १० मीटर असते आणि तेवढ्या लांब लहरीसाठी पिरॅमिड दोन मीटरहून अधिक उंच करावे लागतात. ही अडचण फेराइटच्या फरशांनी दूर केली. अवघ्या सहा-सात मिलिमीटर जाडीची ही फरशी कमी वारंवारितेच्या लहरी शोषून घेते. अनेक कक्षांत फरशी आणि तिच्यावर आखूड पिरॅमिड अशी जोडी वापरतात.

जमीन मात्र धातूचीच ठेवली जाते. मोकळ्या मैदानातील मोजणीतही धातूची जमीन असे, त्या परंपरेशी निकाल जुळावेत हा यामागील हेतू. ८० सेंटिमीटर उंचीच्या अवाहक मेजावर उपकरण ठेवून चकती ३६० अंशांत फिरवितात आणि अँटेना १ ते ४ मीटर वर-खाली करून सर्वाधिक तीव्रता शोधतात. १ गिगाहर्ट्झच्या वरील मोजणीसाठी जमिनीवरही शोषक पसरतात. कक्षाचीही परीक्षा होते: आदर्श मैदानाच्या तुलनेत त्यातील फरक ४ डेसिबलपेक्षा अधिक असता कामा नये.

या मोजणीत एक मानवी धागाही आहे. ‘क्वासी-पीक’ या शोधकाची रचना श्रोत्याला होणाऱ्या त्रासाच्या प्रमाणात केलेली आहे. क्वचित होणारी टकटक कमी त्रासदायक, सततची घरघर अधिक, असे त्याचे गणित आहे. मध्यम लहरींच्या पट्ट्यातील उपद्रव बहुधा वीजतारांतून पसरतो, त्यामुळे तो या कक्षात नव्हे तर तारेवरच मोजला जातो.

भारतात मुंबईच्या पवई येथे मुख्यालय असलेल्या, १९८४ मध्ये स्थापन झालेल्या ‘समीर’ या शासकीय संस्थेने या क्षेत्रात दीर्घकाळ काम केले असून तिचे चेन्नई केंद्रही या चाचण्यांसाठी परिचित आहे. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियामध्ये वाहनांसंबंधी अशा चाचण्या होतात. दूरसंचार उपकरणांची सक्तीची चाचणी व प्रमाणीकरण २०१९ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाले.

लहान उद्योजकांना खरा फटका बसतो तो साचे तयार झाल्यानंतर चाचणीत नापास झाल्यास. दोष अनेकदा मंडलात नसून अँटेनासारख्या वागणाऱ्या जोडतारेत असतो, आणि तार वीतभर सरकविली तरी आकडा बदलतो. संगणकाच्या तारेवर टोकाजवळ दिसणारी जाड गोळी ही अशाच अडचणीवरील उपाय म्हणून बसविलेली फेराइटची नळी असते.