एक वर्ष प्रोबेशनवर

अटी तीन होत्या. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरलं जाणार नाही. कामाचा दर्जा डायरेक्टरसाहेबांना पटला तरच ते वर्ष मोजायचं. गाइड सांगतील तेव्हा, रात्री उशिरापर्यंतसुद्धा, काम करायचं. आणि तिसरी, आपल्या उपस्थितीने प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडू द्यायचं नाही. म्हणजे काय, तर तिथल्या पुरुषांचं लक्ष विचलित करायचं नाही.

साल १९३३. जागा बंगळूरची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, जिला तेव्हा सगळे टाटा इन्स्टिट्यूट म्हणत. अटी घालणारे होते सी. व्ही. रामन. तीन वर्षांपूर्वीच नोबेल मिळालेलं, त्यात संस्थेचे पहिले भारतीय डायरेक्टर. आणि अटी मान्य करणारी मुलगी होती मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झालेली कमला भागवत. मराठी वाचकाला तिची मोठी बहीण जास्त ओळखीची असेल: दुर्गा भागवत.

कमलाचा अर्ज आधी सरळ नाकारला गेला होता. कारण एकच, मुलगी आहे. ती बंगळूरला जाऊन थडकली, रामन यांच्यासमोर उभी राहिली आणि प्रवेश मिळेपर्यंत तुमच्या ऑफिससमोर सत्याग्रह करेन म्हणून सांगितलं. मिठाच्या सत्याग्रहाला जेमतेम तीन वर्षं झालेली. हा शब्द तेव्हा नुसता शब्द नव्हता, त्याचं वजन सरकारलाही कळत होतं. रामन नमले, पण अटी घालून.

या अटींकडे नीट बघा. रात्री उशिरापर्यंत काम तर सगळेच संशोधक करत, ती अट असून नसल्यासारखी. खरी मेख पहिल्या आणि तिसऱ्या अटीत आहे. पहिलीत गृहीत धरलंय की मुलांची पात्रता त्यांच्या डिग्रीने सिद्ध होते. मुलीने ती पुन्हा सिद्ध करायची. तिसरीत गृहीत धरलंय की लक्ष विचलित होईल ते मुलांचं, पण जबाबदार ती. उतारवयात कमलाबाईंनी हा किस्सा जाहीरपणे सांगितला, तेव्हा तो आपला मोठा अपमान होता हे त्यांनी लपवलं नाही. नोबेल मिळवणारा माणूस असा वागतो तर बाकीच्यांकडून काय अपेक्षा करायची, असा त्यांचा सवाल होता. भारतीय माणसाला उच्च दर्जाचं विज्ञान झेपेल का, अशी शंका घेणाऱ्या जगाला रामन यांनी सणसणीत उत्तर दिलं होतं. तीच शंका आपण एका मुलीबद्दल घेतोय, हे मात्र त्यांना दिसलं नाही. हुशारीला हा आंधळेपणा चालतो, असं दिसतं.

श्रीनिवासय्या या गाइडच्या हाताखाली कमलाने दूध आणि डाळींमधल्या प्रथिनांवर काम केलं. वर्ष संपलं, रामन यांचं समाधान झालं, प्रवेश पक्का झाला. १९३६ साली तिने एम.एस्सी. पूर्ण केली. तोवर रामन यांनी मुलींसाठी दार उघडलंही होतं.

इथपर्यंतची गोष्ट तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर कधी ना कधी येऊन गेली असेल, बहुतेक आठ मार्चला. फॉरवर्डमध्ये ती इथेच संपते, कारण जिद्दीचा विजय झालेला असतो. मला तिच्यातला राहून जाणारा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो.

कमलाचे वडील नारायणराव आणि काका माधवराव, दोघेही रसायनशास्त्रज्ञ. दोघेही याच टाटा इन्स्टिट्यूटमधून शिकलेले. ज्या दारासमोर ती सत्याग्रहाची भाषा बोलली, ते तिच्या घरच्यांच्या पायाखालचं होतं. संस्था काय असते, डायरेक्टरशी कसं बोलायचं, नकार आला म्हणजे सगळं संपलं नाही, हे ज्ञान पुस्तकात नसतं. ते घरात जेवताना मिळतं. यात तिची जिद्द कमी होत नाही. पण ज्या मुलीच्या घरात हे संभाषण कधी झालंच नाही, तिचा अर्जच बंगळूरला पोचला नाही आणि म्हणून तिची गोष्टही नाही.

जातीचा दरवाजा तर याहून जाड. मेघनाद साहा हे नाव खगोलभौतिकीच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे, १९२० च्या त्यांच्या आयनीभवनाच्या समीकरणामुळे. कोलकात्यात प्रेसिडेन्सी कॉलेजच्या हिंदू हॉस्टेलमध्ये राहताना या मुलाला वरच्या जातीच्या विद्यार्थ्यांच्या पंगतीत जागा नव्हती. ताऱ्यांचं तापमान मोजायला निघालेला माणूस, आणि भाताचं ताट वेगळं. तिथे सत्याग्रह करायला समोर एक डायरेक्टरही नव्हता. नकार देणारे सोबत शिकणारेच होते.

आणि दार उघडलं म्हणजे काय झालं? १९४० मध्ये अ‍ॅना मणी रामन यांच्या प्रयोगशाळेत आल्या. हिरे आणि माणकांच्या वर्णपटांवर त्यांनी पाच वर्षं काम केलं, पाच शोधनिबंध लिहिले, १९४५ मध्ये मद्रास विद्यापीठाकडे प्रबंध दिला. विद्यापीठाने पीएच.डी. नाकारली, कारण एम.एस्सी. नव्हती. बी.एस्सी. ऑनर्स होती, शिष्यवृत्ती होती, छापून आलेलं संशोधन होतं. चौकटीतलं एक खूण करायचं घर तेवढं रिकामं. मणी इंग्लंडला गेल्या, हवामानाची उपकरणं शिकल्या आणि १९४८ मध्ये पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या. परदेशातून मागवावी लागणारी उपकरणं इथे बनावीत म्हणून त्यांनी सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे प्रमाणित केले. त्या खात्याच्या उपमहासंचालक म्हणून निवृत्त झाल्या, पण डॉक्टर झाल्या नाहीत. तो प्रबंध बंगळूरच्या रामन रिसर्च इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात राहिला.

कमला मात्र केंब्रिजला पोचली. न्यूनहॅम कॉलेज, आधी डेरेक रिश्टर, मग रॉबिन हिल यांच्यासोबत काम. बटाट्यावर प्रयोग करताना तिला वनस्पतींच्या पेशींमध्ये सायटोक्रोम सी सापडलं, पेशीच्या श्वसनात इलेक्ट्रॉन पुढे सरकवणारं प्रथिन. चौदा महिन्यांत काम झालं, प्रबंध चाळीसेक पानांचा, १९३९ मध्ये पीएच.डी. यातली एक गंमत अशी, की केंब्रिज स्त्रियांना तेव्हा पदवी द्यायचं ती नावापुरती. विद्यापीठाचं पूर्ण सदस्यत्व त्यांना मिळालं थेट १९४८ मध्ये. म्हणजे बंगळूर मागासलेलं आणि केंब्रिज पुढारलेलं असा हिशोब करायला जाऊ नका.

परत आल्यावर दिल्लीचं लेडी हार्डिंग, मग कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा. १९४७ मध्ये लग्न होऊन त्या कमला सोहोनी झाल्या आणि मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये आल्या. तिथलं काम वाचताना मला नेहमी आपल्या स्वयंपाकघराचा वास येतो. कडधान्यांत प्रथिनांचं पचन अडवणारे घटक असतात. ते कोणत्या कडधान्यात किती, यावर त्यांनी आणि विद्यार्थ्यांनी काम केलं. वाल त्यात आलेच. मोड आणून नीट शिजवलेल्या वालाच्या उसळीमागे काय शास्त्र आहे, ते इथे कागदावर येत होतं. राजेंद्र प्रसादांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास केला. कुपोषित आदिवासी मुलं आणि गरोदर बाया यांच्या आहारात ती स्वस्त भर ठरू शकते, हे दाखवलं आणि त्याबद्दल राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. विषयांची निवड बघा: दूध, डाळ, वाल, नीरा. प्रयोगशाळेत वेगळी माणसं आली की वेगळे प्रश्न येतात, असं म्हणतात. ते दर वेळी खरं नसतं. सायटोक्रोम सी शोधायला बाई असावं लागत नाही. पण गरिबाच्या ताटाकडे कोणाचं लक्ष जातं, हे प्रयोगशाळेत कोण बसलंय यावर थोडंफार ठरतंच.

याच संस्थेचं संचालकपद मात्र त्यांना हक्काने मिळायला हवं होतं त्यानंतर सुमारे चार वर्षांनी मिळालं. पुन्हा प्रोबेशन, फक्त या वेळी कोणी अटी सांगायची तसदी घेतली नाही.

रामन-कमला भेटीनंतर एक्केचाळीस वर्षांनी, १९७४ मध्ये, त्याच बंगळूरच्या कॅम्पसवर पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या सुधा कुलकर्णीने नोटीस बोर्डावर पुण्याच्या टेल्कोची जाहिरात वाचली. खाली ओळ होती, मुलींनी अर्ज करू नये. तिने जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड पाठवलं, मुलाखतीचं बोलावणं आलं आणि नोकरीही मिळाली. पुढच्या सुधा मूर्ती सगळ्यांना माहीत आहेत. पण चाळीस वर्षांनंतरही दार उघडायला एका मुलीचं धाडस आणि एका मोठ्या माणसाची मर्जी, हीच जोडी लागत होती.

नियम यायला बराच वेळ गेला. आयआयटींमध्ये अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागा १९७३ मध्ये आल्या, इतर मागासवर्गीयांसाठी २००८ मध्ये. मुलींसाठी जादा जागा आल्या २०१८ मध्ये: आधी १४ टक्क्यांचं लक्ष्य, मग १७, मग २०. या जागा जादाच्या आहेत, मुलांच्या जागा त्याने कमी होत नाहीत, आणि जेईई अ‍ॅडव्हान्स्ड मुलींनाही पास व्हावीच लागते. तरीही हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये पहिल्या आठवड्यात प्रश्न येतोच: रँक किती? कोट्यातून का? विचारणाऱ्याला वाटतं तो सहज विचारतोय. पण त्याचा अर्थ तोच, जो १९३३ मध्ये होता. तुझा प्रवेश झालाय ते ठीक, पण कामाचा दर्जा आम्हाला पटेपर्यंत हे वर्ष धरलेलं नाही.

१९९८ मध्ये इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्चने दिल्लीत कमलाबाईंचा सत्कार ठेवला होता. तिथेच त्या कोसळल्या आणि गेल्या. वय ऐंशीच्या पुढे होतं. त्याआधीची कित्येक वर्षं त्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटीत काम करत होत्या आणि तिच्या 'कीमत' या मासिकात ग्राहकांसाठी लिहीत होत्या.