सात फुटी स्थळ

आमच्याकडे पूर्वी मुलगी बघायला जात, तेव्हा मंडळींतल्या एखाद्या जाणत्या बाईवर एक खास कामगिरी सोपवलेली असे. मुलीला चार पावलं चालायला लावायचं. "जरा तांब्याभर पाणी आणतेस का गं?" असं त्या माउलीनं म्हटलं, की तहान कुणालाच लागलेली नाही हे दोन्हीकडच्यांना ठाऊक असे. मुलगी लंगडत नाही ना, एवढंच बघायचं असे. सुईत दोरा ओवायला सांगितला की ती डोळ्यांची परीक्षा, आणि वर्तमानपत्र वाचायला दिलं की ती शिक्षणाची. मुलाची परीक्षा मात्र पगाराच्या आकड्यावर संपायची. त्याला कुणी चालून दाखव म्हटल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

मुलग्यांचीही अशी यथासांग परीक्षा जिथं होते असा एक प्रांत आहे, हे मला फार उशिरा समजलं. तो म्हणजे अमेरिकेतला धंदेवाईक बास्केटबॉल. तिथल्या एनबीए नावाच्या संघटनेतले संघ दर वर्षी, साधारण जून महिन्यात, नवे खेळाडू आपापसांत वाटून घेतात. या वाटपाला ड्राफ्ट म्हणतात. त्याआधी उपवर, म्हणजे उपसंघ मुलांना एकत्र बोलावून अनवाणी उभं करतात आणि उंची मोजतात. हात पसरायला लावून या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजतात. तळहात मोजतात, उडी मोजतात, पूर्वी तर ८४ किलोंची दांडी छातीवरून किती वेळा उचलता येते तेही मोजत. मग बंद खोलीत स्वभावाची चौकशी. तेवढी पत्रिका मागत नाहीत. पण हे सगळं करूनही जे जावई त्यांनी आणले आहेत ते बघता, मागितली असती तर फारसं बिघडलं नसतं.

अनवाणी मोजण्यालाही कारण आहे. उंचीच्या बाबतीत बास्केटबॉलवाले आणि आपले वधूपिते यांच्या सत्यप्रियतेत फारसा फरक नाही. चार्ल्स बार्कली हा थोर खेळाडू जन्मभर कागदोपत्री साडेसहा फूट होता; प्रत्यक्षात तो दीडेक इंच कमी भरायचा. आपल्याकडे 'मध्यम उंची' म्हणतात ती अशीच मोजलेली असते.

या वाटपाचा नियम मात्र मोठा प्रेमळ. गेल्या मोसमात जो संघ सर्वांत जास्त मार खाऊन आला, त्यानं आधी निवडायचं. दुबळ्यालाही चांगलं स्थळ मिळावं हा हेतू. हेतू उदात्त असला की त्यात पळवाट सापडायला वेळ लागत नाही. मोसमाच्या शेवटी काही संघ इतक्या मन लावून हरू लागले, की १९८५ पासून चिठ्ठ्या टाकण्याची पद्धत आणावी लागली. त्याआधी दोन्ही विभागांतले शेवटचे दोघे पहिल्या नंबरासाठी नाणं उडवत.

पहिलं वाटप झालं १९४७ साली. पिट्सबर्गच्या संघानं पहिल्या नंबरावर क्लिफ्टन मॅकनीली नावाचा मुलगा निवडला. तो गेलाच नाही. टेक्ससमधल्या एका शाळेत मुलांना खेळ शिकवण्याचं काम त्यानं पत्करलं. आणि त्याच वर्षी पिट्सबर्गचा संघही बंद पडला. म्हणजे पहिल्याच मुहूर्ताला नवरामुलगाही नाही आणि मांडवही नाही. मंडळींनी यातून काही बोध घ्यायला हवा होता. ती कसली घेताहेत! पुढं १९६५ पर्यंत तर आपल्या गावाच्या ८० किलोमीटरांच्या आतला मुलगा वाटपाआधीच अडवून ठेवायची सोय होती. ती नात्यातली सोयरीक.

माझा एक भाचा ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहराजवळ असतो. तिकडं चिपा बनवण्याचे कारखाने आहेत, त्यामुळं मराठी मंडळी भरपूर. त्याच्याकडं राहायला गेलो असताना शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांशी गप्पा मारायची सवय लागली. त्यांच्या बोलण्यात दर पाच मिनिटांनी 'पाय' आणि 'गुडघा' हे शब्द येत. या वयात ते साहजिकच आहे असं समजून मीही माझ्या गुडघ्याचं सविस्तर सांगू लागलो. दोनतीन दिवसांनी लक्षात आलं, की ते स्वतःच्या गुडघ्याबद्दल बोलत नव्हते. ते त्यांच्या गावच्या संघानं निवडलेल्या मुलांच्या गुडघ्यांबद्दल बोलत होते.

पोर्टलंडचा हा इतिहास ऐकण्यासारखा आहे. १९७२ साली त्यांनी पहिल्या नंबरावर लारू मार्टिन हा ६ फूट ११ इंचांचा उंच मुलगा घेतला. तो चार मोसम कसाबसा खेळला. त्याच्या मागून दुसऱ्या नंबरावर गेलेला बॉब मॅकअडू पुढं १९७५ साली संघटनेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. मार्टिन बिचारा नंतर सामान पोचवणाऱ्या एका मोठ्या कंपनीत लागला आणि तिथं चांगला वर चढला. पण १९७४ साली पोर्टलंडनं पुन्हा एक उंच मुलगा घेतला, बिल वॉल्टन. त्यानं १९७७ साली त्यांना अजिंक्यपद मिळवून दिलं. लगेच त्याचं पाऊल मोडलं आणि १९७८–७९चा अख्खा मोसम तो बसून राहिला. आता यातून दोन धडे निघत होते. एक, उंच माणूस आणला की अजिंक्यपद मिळतं. दोन, उंच माणसाचे पाय टिकत नाहीत. गावानं पहिला तेवढा पाठ केला.

मग आलं १९८४. त्या वर्षी नाणं उडवलं ह्यूस्टन आणि पोर्टलंड यांच्यात. पोर्टलंड काही तळाला नव्हतं. इंडियाना संघाची पाळी त्यांनी पूर्वीच एका सौद्यात मिळवून ठेवली होती. नाणेफेक ह्यूस्टननं जिंकली आणि हकीम ओलाजुवान हा मूळचा लागोसचा, ह्यूस्टनच्याच विद्यापीठात खेळलेला उंच मुलगा घेतला. दुसरा नंबर पोर्टलंडचा. समोर मुख्य स्थळं दोन. सॅम बोई, ७ फूट १ इंच, केंटकी विद्यापीठ. आणि मायकेल जॉर्डन, साडेसहा फूट, नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ. पोर्टलंडनं बोई घेतला.

आज हे वाचून कुणीही कपाळावर हात मारील. मी मारणार नाही. पोर्टलंडसाठी खेळाडू निवडणारे स्टू इनमन हे काही अडाणी गृहस्थ नव्हते. आदल्याच वर्षी त्यांच्या संघानं चौदाव्या नंबरावर क्लाइड ड्रेक्सलर उचलला होता. आधी निवडणाऱ्या संघांना जे दिसलं नाही ते त्यांना दिसलं होतं. ड्रेक्सलर खेळायचा जॉर्डनच्याच जागी. त्या जागेवर जिम पॅक्सन हा आणखी एक चांगला खेळाडू होताच. घरात दोन इस्त्र्या असताना तिसरी कशाला? कमी होती ती सेंटरच्या जागी, बास्केटखाली उभ्या राहणाऱ्या उंच गड्याची. म्हणजे ज्यांनी ड्रेक्सलर अचूक पारखला, त्यांनाच ड्रेक्सलर आडवा आला. अमेरिकेच्या ऑलिंपिक संघाचे प्रशिक्षक बॉबी नाइट यांनी, जॉर्डनच घ्या, असं इनमनना बजावलं होतं म्हणतात. "आम्हाला सेंटर हवा आहे हो," असं इनमन म्हणाले. "मग त्यालाच सेंटरला खेळवा," असं नाइटांनी सुनावलं म्हणे. नाइट फार मोठे जाणकार खरे; पण त्याच उन्हाळ्यात चार्ल्स बार्कली आणि जॉन स्टॉक्टन या दोघांना त्यांनी ऑलिंपिक संघातून घरी पाठवलं होतं. पारख अशी कुणाचीच सलग लागत नाही.

तिसऱ्या नंबरावर जॉर्डन मिळालेल्या शिकागोला तरी आपण काय मिळवलं ते कळलं होतं का? मुळीच नाही. तो सात फुटी असता तर बरं झालं असतं, अशा अर्थाचं त्यांचे रॉड थॉर्न तेव्हा बोलून गेले. त्याच दिवशी शेवटच्या, दहाव्या फेरीत शिकागोनं कार्ल लुइसलाही निवडलं. हो, धावणारा तोच कार्ल लुइस. त्यावरून त्या दिवशी मंडळी किती गांभीर्यानं कामाला लागली होती याचा अंदाज यावा.

पुढचं सर्वांना माहीत आहे. बोई पहिल्या मोसमात ७६ सामने खेळला. मग नडगी मोडली. मग पुन्हा मोडली. पाच मोसमांत मिळून १३९ सामने. जॉर्डननं शिकागोला सहा अजिंक्यपदं मिळवून दिली, आणि त्यातलं १९९२ सालचं नेमकं पोर्टलंडला हरवून. त्या अंतिम लढतीच्या पहिल्या सामन्यात निम्म्या वेळातच त्यानं ३५ गुण केले. शेजारचे आजोबा इतकं सांगून थांबले आणि हिरवळीला पाणी घालायला गेले.

पण १९८४ नंतर पोर्टलंडनं नीट बघून घेतलं असेल? २००७ साली चिठ्ठी त्यांच्या नावाची निघाली. शक्यता होती शंभरात पाचेक. देव देतो तो असा. समोर पुन्हा दोन मुलं. ग्रेग ओडन, सात फूट, वय १९. आणि केव्हिन ड्युरँट, काडीपैलवान. मघाशी सांगितलेली ती दांडी त्याला एकदासुद्धा उचलता आली नव्हती. पोर्टलंडनं ओडन घेतला. मोसम सुरू व्हायच्या आधीच त्याच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. पाच मोसमांत तो पोर्टलंडसाठी एकूण ८२ सामने खेळला. एनबीएच्या एका मोसमातच मुळी ८२ सामने असतात. ड्युरँट २०१४ साली सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याला दांडी उचलायला नंतर कुणी सांगितलं नसावं.

उंचीचा हा मोह एकट्या पोर्टलंडचा नाही. २०१५ साली डॅलसनं पंजाबातल्या बल्लो के गावचा सतनामसिंग ५२व्या नंबरावर निवडला. ७ फूट २ इंच. भारतात जन्मलेला पहिलाच मुलगा म्हणून आपल्याकडं पेढे वाटायचे तेवढे बाकी होते. एनबीएच्या मोसमात तो एकही सामना खेळला नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सिम भुल्लर हा कॅनडात वाढलेला पंजाबी मुलगा सॅक्रामेंटोकडून तीन सामने खेळून गेला होता, आणि त्याला वाटपात कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. उलटही घडतं. निकोला योकिच या सर्बियन मुलाचं नाव २०१४ साली ४१व्या नंबरावर पुकारलं, तेव्हा टीव्हीवर खाण्याच्या एका पदार्थाची जाहिरात चालू होती. पुढं तीनदा सर्वोत्तम ठरलेला हा मुलगा स्वतःही त्या वेळी घरी झोपलेला होता. मला हे वागणं शहाणपणाचं वाटतं.

हे सगळं ऐकताना मला एकच प्रश्न सतावत होता. बोईची डावी नडगी कॉलेजातच मोडली होती. तिच्यापायी त्याचे दोन मोसम वाया गेले होते. हे साऱ्या अमेरिकेला माहीत होतं. मग पोर्टलंडच्या वैद्यांनी बघितलं काय?

त्यांनी बघितलं होतं. चांगली सात तास तपासणी चालली होती, असं बोई सांगतो. २०१२ साली त्याच्यावर ईएसपीएननं एक माहितीपट काढला, त्यात एवढ्या वर्षांनी त्यानं तो दिवस सांगितला. डॉक्टर एका लहानशा हातोडीनं त्याच्या डाव्या नडगीवर ठोकायचे आणि विचारायचे, दुखतं का? तो म्हणायचा, काही जाणवत नाही. आणि आतून ते दुखत होतं. याला कुणी खोटं बोलणं म्हणत असेल तर म्हणो. घरच्यांना गरज असताना दुसऱ्या कुणीही हेच केलं असतं, अशा अर्थाचं तो पुढं बोलला.

मापाच्या पट्ट्या होत्या, क्ष-किरणांची यंत्रं होती, नामांकित डॉक्टर होते. आणि साऱ्या परीक्षेची मदार शेवटी तेवीस वर्षांच्या एका पोराच्या 'नाही' वर येऊन थांबली. एक शब्द खरा बोलला असता, तर कदाचित जॉर्डन पोर्टलंडला गेला असता. पण तो खरं बोलणार कसा? आतल्या खोलीत जिला दहा वेळा बजावून पाठवलेलं असे, की पायाचं काही बोलू नकोस, ती मुलगी तांब्या घेऊन चार पावलं सरळ चालून जात असेलच ना! तिच्या पायात काय होत होतं ते पाणी पिणाऱ्या बाईला कुठलं कळायला?

बोईची चेष्टा मात्र चाळीस वर्षं चालू आहे. सर्वांत फसलेल्या निवडींची कुठलीही यादी काढा, त्यात हे नाव ठळक. वास्तविक पोर्टलंड सोडल्यावर हा माणूस पुन्हा उभा राहिला. न्यू जर्सीकडून नेमानं खेळला, मग लॉस एंजलिसकडून. सगळे मिळून दहा मोसम खेळला. मोडलेल्या, जोडलेल्या, पुन्हा मोडलेल्या पायांनी दहा मोसम ही मला तरी सहा अजिंक्यपदांच्या पंक्तीला बसवावी अशी गोष्ट वाटते. पोर्टलंडच्या आजोबांना तसं वाटत नाही. मी दोनदा सांगून बघितलं.

निवृत्तीनंतर बोई केंटकीत परतला आणि छकड्याच्या शर्यतींत धावणाऱ्या घोड्यांच्या नादी लागला. घोडा विकत घेताना आधी पाय बघतात. घोड्याला मात्र दुखतं का म्हणून कुणी विचारत नाही, चालवून बघतात.