घरी धडा, वर्गात गृहपाठ

वर्गात धडा शिकवायचा आणि गणिते घरी सोडवायला द्यायची, ही आपल्या अंगवळणी पडलेली रीत. ती उलटी करणाऱ्या पद्धतीला इंग्रजीत 'फ्लिप्ड क्लासरूम' म्हणतात. आपण 'उलटा वर्ग' म्हणू. हे नाव ज्या शाळेमुळे गाजले, तेथे सुरुवातीला पद्धत बदलण्याचा विचारही नव्हता. प्रश्न होता गैरहजेरीचा.

अमेरिकेतील कोलोराडो राज्यात वुडलँड पार्क हे डोंगराळ भागातले छोटे गाव आहे. तेथील हायस्कूलमध्ये जोनाथन बर्गमन आणि आरन सॅम्स हे दोघे रसायनशास्त्र शिकवीत. खेळांच्या सामन्यांसाठी मुलांना बसने दूरच्या शाळांत जावे लागे आणि त्यांचे तास बुडत. बुडालेला पाठ पुन्हा सांगण्यात शिक्षकांचा बराच वेळ जाई. २००७ साली संगणकाच्या पडद्यावरील मजकूर आणि शिक्षकाचा आवाज एकत्र नोंदवणारी एक प्रणाली त्यांच्या हाती आली. शिकवता शिकवता ते पाठाची चित्रफीत करू लागले आणि ती इंटरनेटवर ठेवू लागले. गैरहजर मुलांनी ती पाहिलीच. पण वर्गात हजर असलेली मुलेही उजळणीसाठी ती पुन्हा पाहू लागली!

तेव्हा सॅम्स यांना एक साधी गोष्ट उमगली. मोल म्हणजे काय हे ऐकून वहीत उतरवताना मुलाला शिक्षक शेजारी लागतोच असे नाही. रात्री मोलचे गणित अडते तेव्हा मात्र तो हवा असतो, आणि नेमका तेव्हाच तो तेथे नसतो. मग दोघांनी २००७-०८ या वर्षाचे पाठ आधीच मुद्रित करायचे ठरवले. पाठ घरी पाहायचा. गणिते आणि प्रयोग शिक्षकाच्या डोळ्यांदेखत, वर्गात.

पाठ तयार करण्याची त्यांची रीतही अनुभवाने बदलत गेली. एका फितीत एकच मुद्दा, आणि तोही थोडक्यात. एकट्याने बोलण्याऐवजी दोघे गप्पा मारल्यासारखे बोलत. मुलाने फीत थांबवून टिपणे काढायची आणि पाठावर स्वतःचा एक प्रश्न घेऊन यायचे. पाठ पाहिला की नुसता चालू ठेवला, हे त्या प्रश्नावरून कळे. ज्यांच्या घरी इंटरनेट नव्हते त्यांना डीव्हीडीवर पाठ दिले जात. हा तपशील सहसा कोणी सांगत नाही. पण माझ्या मते त्यावाचून सारी योजना लंगडी पडली असती.

कल्पना मात्र त्यांच्याही आधीची. ओहायोतील मायामी विद्यापीठात मॉरीन लाज, ग्लेन प्लॅट आणि मायकेल ट्रेग्लिया यांनी अर्थशास्त्राचा वर्ग असाच उलटा केला होता. त्यावरचा त्यांचा लेख २००० साली प्रसिद्ध झाला. त्यांची व्याख्याने व्हिडिओ कॅसेटवर असत.

२०२० मध्ये करोनाच्या टाळेबंदीत आपल्याकडेही शिक्षकांनी मोबाइलवर पाठ मुद्रित करून पाठवले. कष्ट मोठे होते, पण त्याला उलटा वर्ग म्हणता येणार नाही. धडा घरी गेला. अडलेल्या मुलाशेजारी बसायला वर्गच उरला नव्हता. शिवाय अनेक घरांत फोन एकच, आणि तोही वडिलांबरोबर कामावर.

हार्वर्डमधील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९१ च्या सुमारास जे केले, त्यात तर चित्रफीतही नव्हती. विद्यार्थ्यांनी पुस्तकातला भाग आधी वाचून यायचा. वर्गात माझूर संकल्पनेवर एक प्रश्न टाकत. प्रत्येकाने आपले उत्तर ठरवायचे, मग शेजाऱ्याला ते पटवून द्यायचे आणि पुन्हा उत्तर द्यायचे. आपल्याकडे उत्तर हातानेच विचारता येईल: 'अ' असेल तर एक बोट वर, 'ब' असेल तर दोन.