राज्य बदललं तरी दप्तर उरतं

आपल्या धाराशिव जिल्ह्याने गेल्या पावणेदोनशे वर्षांत किती राज्यं पाहिली, याचा हिशेब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड आणि रायचूर दुआबाबरोबर नळदुर्गचा हा मुलूखही इंग्रजांच्या हवाली केला. त्या वेळी मेडोज टेलर हे इथले अधिकारी झाले. ठगांवरच्या कादंबरीमुळे त्यांचं नाव पुष्कळांना ठाऊक आहे. १८६० मध्ये हा मुलूख पुन्हा निजामाकडे गेला. पुढे जिल्ह्याचं ठाणं नळदुर्गहून धाराशिवला आलं आणि धाराशिवचं उस्मानाबाद झालं. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी संपली. १९५६ मध्ये आपण मुंबई राज्यात आलो, १९६० मध्ये महाराष्ट्रात. १९८२ साली लातूर जिल्हा वेगळा निघाला आणि २०२३ मध्ये शहराचं व जिल्ह्याचं नाव पुन्हा धाराशिव झालं.

प्रत्येक वेळी राज्य बदललं, तसा कारभाराचा साचाही बदलला. दरबारची भाषा आधी फारसी होती, १८८० च्या दशकात तिच्या जागी उर्दू आली. गावच्या कुलकर्ण्याची लेखणी मात्र मोडीतच चालत राहिली. साल फसली, म्हणजे इसवी सन काढायचा तर त्यात ५९० मिळवायचे. रुपया हाली, सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार. आज एखाद्या शेतकऱ्याच्या हाती जुनं सेतवार किंवा खासरा पत्रक आलं, तर नुसता कागद हाती असून भागत नाही. त्या कागदाची भाषा, लिपी, कालगणना आणि नाणं, असं सगळं जग सोबत लागतं.

याचा अनुभव आपण अलीकडेच घेतला. सप्टेंबर २०२३ मध्ये मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. जुने रुमाल सोडले गेले. तेव्हा कागद होते, पण वाचणारे थोडे होते. मोडीचे जाणकार, उर्दू आणि फारसी वाचणारी माणसं शोधावी लागली. ज्या नोंदीवर एखाद्या घरातल्या मुलाचं शिक्षण आणि नोकरी अवलंबून असते, ती नोंद वाचणारा माणूस मिळाला नाही, तर कागद असून नसल्यासारखाच.

हे सगळं सांगायचं कारण असं, की हीच गोष्ट संगणकाच्या बाबतीत अवघ्या तीस-पस्तीस वर्षांत घडली आहे. मोडीचा कागद निदान डोळ्यांना दिसतो. संगणकातला जुना मजकूर दिसतही नाही.

१९८५ साली अमेरिकेतल्या आल्डस कंपनीने पेजमेकर नावाचा प्रोग्रॅम बाजारात आणला आणि छपाईचा धंदा मुळापासून बदलू लागला. मराठीसाठी वेगळी सोय हवी होती. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेलं काम पुण्याच्या सी-डॅक संस्थेने पुढे नेलं. ही संस्था १९८८ ची. तिचं 'जिस्ट' कार्ड डॉसवर चालणाऱ्या संगणकात बसवलं की पडद्यावर देवनागरी उमटे. मग विंडोज आली आणि तिच्याबरोबर आयएसएम, पुण्याची श्री-लिपी, बंगळूरची आकृती अशा प्रणाली आल्या. खिळे जुळवणारे कंपोझिटर हळूहळू दिसेनासे झाले आणि तालुक्याच्या गावीही 'डीटीपी'ची पाटी लागली. लग्नपत्रिका, यात्रेची पत्रकं, साप्ताहिकं, शाळांच्या स्मरणिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, सगळं तिथे होऊ लागलं. सहकारी संस्थांत आणि कचेऱ्यांत पगारपत्रकं आणि खाती फॉक्सप्रोसारख्या प्रोग्रॅममध्ये जाऊन बसली.

यात एक मेख होती. त्या काळचे मराठी फाँट म्हणजे खरं तर इंग्रजी अक्षरांवर चढवलेले मुखवटे होते. संगणकाच्या लेखी तिथे रोमन अक्षरं आणि चिन्हंच साठवलेली असत; फाँट त्यांना 'क', अर्धा 'त' किंवा वेलांटी असं रूप देई. त्यातही प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे राष्ट्रीय मानक ठरलं, पण फाँट बनवणाऱ्यांनी आपापली वाट सोडली नाही. त्यामुळे तोच फाँट नसलेल्या संगणकावर फाईल उघडली, की मराठीऐवजी डॉलर, टक्के आणि टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं दिसत. पुष्कळ प्रणालींना 'डाँगल'ही असे. संगणकाच्या मागच्या बाजूला खोचायची ही छोटी किल्ली नसली, तर प्रोग्रॅम उघडतच नसे.

पुढे युनिकोड आलं. विंडोज २००० पासून देवनागरी संगणकाच्या अंगातच आली आणि पुढचा प्रश्न सुटला. पण मागचं जे साठलं होतं, ते जुन्याच फाँटमध्ये राहिलं. दरम्यान विंडोज बदलत गेली. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला. ६४ बिटांच्या विंडोजने डॉसच्या काळातले १६ बिटांचे प्रोग्रॅम चालवणंच सोडून दिलं. पेजमेकरची सातवी आवृत्ती शेवटची ठरली. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधारही थांबला, आणि विंडोज ११ तर फक्त ६४ बिटांचीच आहे. म्हणजे संगणक नवा घेतला, की जुनं दप्तर कुलूपबंद होतं.

या कुलपाची किल्ली मात्र फार जुनी आहे. १९६४ साली आयबीएम कंपनीने 'सिस्टिम ३६०' हे नवं यंत्र जाहीर केलं, तेव्हा गिऱ्हाइकांची पहिली विचारणा हीच होती, की आमच्या जुन्या १४०१ यंत्रावरच्या प्रोग्रॅमचं काय? कंपनीने नव्या यंत्रालाच जुन्या यंत्राचं सोंग घेता येईल अशी सोय केली. १९६७ च्या सुमारास आयबीएमच्या केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स इथल्या केंद्रात त्यापुढची गोष्ट झाली. एकाच मोठ्या यंत्राच्या पोटात अनेक यंत्रं चालू लागली. प्रत्येकाला वाटे, अख्खं यंत्र आपलंच आहे. १९७२ मध्ये ही 'व्हर्च्युअल मशीन'ची प्रणाली रीतसर बाजारात आली. व्हर्च्युअल मशीन म्हणजे आभासी यंत्र.

ते टेबलावरच्या संगणकात यायला आणखी पंचवीसेक वर्षं लागली. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी १९९८ मध्ये व्हीएमवेअर ही कंपनी काढली आणि पुढच्याच वर्षी तिचा प्रोग्रॅम आला. २००७ मध्ये व्हर्च्युअलबॉक्स खुला आणि फुकट मिळू लागला. २००९ साली विंडोज ७ आली, तेव्हा तिच्या काही आवृत्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने स्वतःच 'एक्सपी मोड' दिला. जुने प्रोग्रॅम सोडायला लोक तयार नाहीत, हे कंपनीनेच मान्य केल्यासारखं झालं.

आभासी यंत्र म्हणजे काय, हे वाड्याच्या दाखल्याने सांगता येईल. वाडा पाडून नवी इमारत बांधली, पण त्यातली एक खोली जुन्या देवघरासारखी हुबेहूब ठेवली, तशातला हा प्रकार. नव्या संगणकात एक चौकट उघडते. तिच्यात जुनी विंडोज सुरू होते, पेजमेकर उघडतं, जुने फाँट दिसतात, आणि १९९८ ची फाईल १९९८ सारखीच समोर येते. गंमत म्हणजे या सबंध जुन्या संगणकाची हार्ड डिस्क म्हणजे नव्या संगणकातली एक मोठी फाईल असते. तिची नक्कल काढून दुसरीकडे ठेवता येते. जुन्या यंत्राचा पंखा बंद पडेल, वीजपुरवठ्याचा भाग जळेल, ही धास्ती उरत नाही.

पण हे काम वेळेवर व्हायला हवं. जुना संगणक चालू आहे तोवरच त्याच्या डिस्कची पूर्ण प्रतिमा काढून ठेवली पाहिजे. एकदा तो भंगारात गेला, की सोबत फाँट जातात आणि प्रोग्रॅमचा क्रमांकही जातो. मूळ सीडी, परवान्याचा कागद आणि डाँगल एका पाकिटात जपावेत. जुनी डाँगल प्रिंटरच्या रुंद जोडणीची असेल, तर नव्या संगणकाला ती लागतच नाही, ही मोठी अडचण आहे. आणखी एक पथ्य पाळायचं. आभासी यंत्रातल्या जुन्या विंडोजला इंटरनेट जोडू नये. तिच्या भगदाडांना आता कोणी ठिगळ लावत नाही.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेतला की झालं. बदलून घ्यायलाच हवा. त्यासाठी साधनंही आहेत. पण रूपांतरात रफार सरकतो, जोडाक्षरं फुटतात, वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. मूळ पान कसं होतं हे समोर असल्याशिवाय मुद्रितशोधन करायचं कशावरून? ते मूळ पान दाखवणं हेच आभासी यंत्राचं काम. फॉक्सप्रोतल्या खात्यांचंही तसंच. आकडे बाहेर काढता येतात, पण व्याज कोणत्या नियमाने लावलं जात होतं, हे तो चालता प्रोग्रॅमच दाखवतो.

तेव्हा या यंत्राकडे घर म्हणून न पाहता पूल म्हणून पाहावं. त्यावरून मजकूर अलीकडे आणायचा, पीडीएफ काढायची, युनिकोडमध्ये उतरवायचा, तपासायचा आणि कागदावर छापूनही ठेवायचा. जुनं नाव आणि नवं नाव अशा दोन्ही नोंदी कराव्यात. उद्या कोणी संगणकावर 'धाराशिव' शोधलं, तर 'उस्मानाबाद' लिहिलेला कागद त्याला आपोआप सापडणार नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. लातूरचं किल्लारी आणि आपल्या जिल्ह्यातलं सास्तूर अशी गावंच्या गावं कोसळली. त्यानंतरची पाच-सात वर्षं पुनर्वसनाची होती, आणि नेमकी तीच वर्षं मराठी डीटीपी गावोगाव पोचण्याची होती. त्या काळात इथे काय लिहिलं गेलं, कोणी काय मागितलं, कोणाला काय मिळालं, हे उद्याचा इतिहासकार शोधेल. शंभर वर्षांपूर्वीच्या कुलकर्ण्याचा मोडी कागद वाचायला आपण माणसं शोधली. त्याच्या मानाने पंचवीस वर्षांपूर्वीची मराठी वाचणं पुष्कळ सोपं आहे. गावातल्या छापखान्यांनी, साप्ताहिकांनी, संस्थांनी आणि शाळांनी कोपऱ्यात झाकून ठेवलेला जुना संगणक भंगारवाल्याला देण्याआधी एकदा सुरू करून पाहावा, आणि त्याची डिस्क उतरवून घ्यावी.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)