खिशातला रक्तगट : मुंबई, १९५२

१९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे व सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये मुंबईत आढळलेल्या एका विलक्षण रक्ताची नोंद केली. त्याच्या लाल पेशींवर ‘एच’ प्रतिजनच नव्हते. ए आणि बी प्रतिजने एचपासूनच घडतात. त्यामुळे तीही नव्हती. हाच ‘बॉम्बे’ रक्तगट. (१९९५ मध्ये शहराचे नाव बदलले, गटाचे नाही.)

केवळ पेशी तपासल्यास हा गट ‘ओ’ भासतो, आणि घात तिथेच होतो. ओ रक्तात एच विपुल असते. बॉम्बे गटाच्या रक्तद्रवात त्याविरुद्ध प्रतिपिंडे असतात. सर्वांना चालणारे म्हणून ख्यात असलेले ओ रक्त या रुग्णांच्या मात्र जिवावर उठते. रक्तद्रव ओ पेशींशी ताडला, तरच उलगडा होतो.

वाहन परवान्यावर ‘ओ’ छापलेली अशी व्यक्ती चुकीची ओळख बाळगून हिंडते. ‘बॉम्बे’ लिहिलेले कार्ड जवळ असेल, तर रक्तपेढी आरंभापासूनच दुर्मीळ दाता शोधू लागते.