आपला इतिहास आणि अनुबोधपट : काही पाहिलेच पाहिजेत असे

गेल्या वर्षी आमच्या वस्तीतल्या विहारात वाचनवर्ग संपल्यावर एका तरुण कार्यकर्त्याने मला सरळ विचारले, "सर, तुम्ही इतिहास वाचा, वाचा म्हणता, पण वाचण्याआधी तो बघायला कुठे मिळेल?" प्रश्नात थोडा आळस होता, हे खरे. परंतु घरी आल्यावर मला वाटले, आळसाचा आरोप करून हा प्रश्न मोडीत काढणे बरोबर नाही. ज्या समाजाला हजारो वर्षे अक्षरापासून दूर ठेवले, त्याने आपला इतिहास गाण्यातून, जलशातून आणि भिंतीवरच्या तसबिरीतून जपला. मग पडद्यावरून का जपू नये? म्हणून मी पाहिलेल्या, आणि वस्तीत चादर ताणून दाखवलेल्या काही अनुबोधपटांविषयी इथे लिहितो आहे. ही सगळी यादी नव्हे. मला जे हलवून गेले तेवढेच.

माझ्या पिढीला अनुबोधपट हा शब्द ऐकला की आधी सिनेमागृहातला काळोख आठवतो. सरकारने १९४८ साली फिल्म्स डिव्हिजन स्थापन केली आणि तिच्या वार्ताचित्रांची फीत मुख्य चित्रपटाआधी दाखवणे थिएटरवाल्यांवर बंधनकारक झाले. आम्ही सर्वात पुढच्या, स्वस्त बाकांवर मान वर करून बसायचो. धरणे दिसायची, पोलादाचे कारखाने दिसायचे, फिती कापणारे मंत्री दिसायचे. आमची माणसे क्वचित दिसलीच तर 'हरिजन उद्धारा'च्या चित्रात दिसायची : हात जोडलेली, कुणीतरी दिलेले काहीतरी घेणारी. आवाज मात्र निवेदकाचा असायचा. आमचा माणूस पडद्यावर यायचा, पण बोलायचा नाही. ही गोष्ट त्या वयात मला कळली नव्हती. आता कळते, आणि संताप येतो.

अशा काळातही आपल्यापैकी एकाने कॅमेऱ्याचे मोल ओळखले होते. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले आणि ७ डिसेंबरला मुंबईत, दादरच्या चौपाटीवर, त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. ती अंत्ययात्रा नामदेव व्हटकरांनी चित्रित करून ठेवली. त्यासाठी त्यांनी पदरमोड केली. आज आपण तो जनसागर हलताना पाहतो, ती ओक्साबोक्शी रडणारी माणसे पाहतो, ते या धडपडीमुळे. लाखोंचा समुदाय होता असे वाचणे वेगळे आणि रस्त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत डोकीच डोकी पाहणे वेगळे. हे चित्रण कुणी दाखवत असेल तर कामधंदा बाजूला ठेवून जावे. व्हटकरांचे नाव मात्र आपल्याच सभांमधून फारसे घेतले जात नाही, ही आपली कृतघ्नता आहे.

मी १९७९ साली नामांतराच्या लाँग मार्चमध्ये काही टप्पे चाललो. आमच्या तुकडीत पत्रके होती, घोषणा होत्या, एक फाटका कर्णा होता. कॅमेरा नव्हता, साधे छायाचित्र काढायचा डबासुद्धा नव्हता. आज नातवंडांना सांगताना मला हातवारे करावे लागतात. १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचा नामविस्तार झाला, त्याआधीची ती सोळा वर्षे कितीतरी जणांनी आपल्या अंगावर भोगली. त्यातल्या बहुतेकांजवळ आठवणीखेरीज पुरावा नाही, आणि आठवण सांगणारे एकेक करून जात आहेत.

आनंद पटवर्धन यांचा 'हमारा शहर' १९८५ साली आला. मुंबईच्या फुटपाथवर आणि झोपडपट्टीत राहणाऱ्यांची घरे पाडली जात होती, त्या दिवसांचा हा चित्रपट. पार्श्वभूमी ठाऊक असावी म्हणून सांगतो : १९८१ साली ऐन पावसाळ्यात फुटपाथवासीयांना हाकलण्याचा सरकारी निर्णय झाला, प्रकरण न्यायालयात गेले आणि जुलै १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, असे न्यायालयाने मान्य केले; पण रीतसर नोटीस देऊन झोपड्या हटवता येतील, असेही म्हटले. म्हणजे तत्त्व आपल्याला मिळाले आणि बुलडोझर त्यांच्याकडे राहिला. चित्रपटात उद्ध्वस्त झालेली एक बाई चित्रीकरण करणाऱ्यांनाच फैलावर घेते : आमची चित्रे काढून तुम्ही आमचे काय भले करणार? दिग्दर्शकाने हा प्रसंग कापला नाही. आमच्या विहारात हे दृश्य आले तेव्हा मागच्या बाजूला बसलेल्या बाया टाळ्या वाजवू लागल्या. जो अनुबोधपट स्वतःवरचा हा आरोप ऐकून घेतो त्याच्यावर मी विश्वास ठेवायला तयार असतो.

याच चित्रपटात विलास घोगरे गाताना दिसतात. शाहीर, कष्टकरी, डाव्या सांस्कृतिक चळवळीत वाढलेला माणूस. ११ जुलै १९९७ रोजी सकाळी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला, लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मारले गेले. चार दिवसांनी, १५ जुलैला, विलास घोगरे यांनी मुलुंडच्या आपल्या झोपडीत गळफास घेतला. डोक्याला निळा रुमाल बांधलेला होता. पटवर्धनांनी तिथून चित्रीकरण सुरू केले आणि ते चौदा वर्षे चालले. 'जय भीम कॉम्रेड' हा तो चित्रपट, २०११ चा. २०१२ च्या जानेवारीत तो भायखळ्याच्या बीआयटी चाळीत, उघड्यावर, लोकांमध्ये दाखवला गेला. (बाबासाहेब राहत होते ती बीआयटी चाळ परळची, नावाच्या सारखेपणाने गोंधळ होतो म्हणून सांगितले.)

मला सगळ्या चित्रपटांतून एकच निवडायला सांगितले तर मी हा निवडीन. लांबी तीन तासांच्या आसपास आहे, म्हणून पुष्कळ मंडळी टाळतात. टाळू नये. आधी त्यातला पुरावा पाहा. टँकर पेटवले जाणार होते म्हणून गोळी चालवावी लागली, असा पोलिसांचा दावा होता. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने तो मानला नाही आणि गोळीबार असमर्थनीय ठरवला. पुढे २००९ साली सत्र न्यायालयाने संबंधित पोलीस अधिकाऱ्याला जन्मठेप दिली आणि नंतर उच्च न्यायालयात त्याला जामीन मिळाला. या कोरड्या चार ओळींच्या मधली वर्षे मेलेल्यांच्या घरी कशी गेली, ते चित्रपट दाखवतो. कॅमेरा त्याच घरांत पुन्हा पुन्हा जातो. मुले मोठी होतात, नेते पक्ष बदलतात, आणि आया तेवढ्याच जागी उभ्या असतात.

दुसरी गोष्ट या त्रैमासिकाच्या वाचकांना अधिक जवळची आहे. मार्क्स की आंबेडकर, वर्ग की जात, या वादावर आपण रिमच्या रिम कागद काळे केले. मीही केले आहेत. विलास घोगरे यांना त्यांच्याच डाव्या गटाने दूर केले होते, आणि अखेरच्या घटकेला त्यांनी निळा रंग जवळ केला. आपला वाद एका माणसाच्या देहावर किती भार टाकतो, हे इतक्या स्पष्टपणे मला कुठल्याही लेखाने सांगितले नाही. चित्रपट त्याचा निवाडा करत नाही. शिवाजी पार्कात ६ डिसेंबरला जमणाऱ्या गर्दीविषयी आजूबाजूचे सुखवस्तू लोक काय बोलतात, तेही तो ऐकवतो. खैरलांजी त्यात येते, कबीर कला मंचाची तरुण पोरे येतात, शीतल साठे यांचा तो आवाज येतो. एप्रिल २०१३ मध्ये शीतल साठे आणि सचिन माळी विधानभवनाबाहेर स्वतःहून अटक करवून घेते झाले, हे ध्यानात ठेवून ते गाणे ऐकावे. माझी एक तक्रार आहे. स्त्रिया या चित्रपटात रडतात आणि गातात. त्या संघटना कशा चालवतात, याला मात्र फार थोडी जागा मिळाली आहे.

पटवर्धनांचाच 'राम के नाम' (१९९२) आपल्या विषयाबाहेरचा वाटेल, पण नाही. अयोध्येच्या परिसरातल्या दलित, कष्टकरी माणसांना तो बोलते करतो, आणि न्यायालयाने नेमलेले पुजारी लालदास यांची निर्भय मुलाखत त्यात आहे. नोव्हेंबर १९९३ मध्ये लालदास यांचा खून झाला.

अस्पृश्यता संपली, असे म्हणणारा कुणी भेटला तर त्याच्याशी वाद घालू नये. त्याला स्टालिन के. यांचा 'इंडिया अनटच्ड' (२००७) दाखवावा. चार वर्षे हिंडून, आठ राज्यांत तो चित्रित केला आहे. हिंदूंबरोबर शीख, ख्रिस्ती आणि मुसलमान समाजांतही जात कशी मुरली आहे, हे तो दाखवतो. आम्ही तो एका महाविद्यालयात दाखवायचे ठरवले होते. आदल्या दिवशी निरोप आला की सभागृहाची वीज दुरुस्तीला काढली आहे. त्याच सभागृहात त्याच संध्याकाळी स्नेहसंमेलनाची तालीम दिव्यांच्या झगमगाटात चालली होती.

त्याच दिग्दर्शकाचा 'लेसर ह्यूमन्स' (१९९८) गुजरातेतल्या मैला उचलणाऱ्या लोकांवर आहे. आणि दिव्या भारती यांचा तमिळ 'कक्कूस' (२०१७) गटारात उतरून मरणाऱ्या माणसांवर. कक्कूस म्हणजे संडास. या चित्रपटाच्या खेळांना पोलिसांनी आडकाठी केली, दिग्दर्शिकेला धमक्या आल्या, अटक झाली. हा प्रथेला बंदी घालणारा कायदा १९९३ चा, त्याहून कडक दुसरा २०१३ चा. गटारात मेलेल्याच्या कुटुंबाला दहा लाख द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले. २०२३ साली ही रक्कम तीस लाख केली. मरणाची किंमत वाढत गेली, मरणे थांबले नाही. जेवणानंतर हा चित्रपट पाहू नये, असे एक सद्गृहस्थ मला म्हणाले. मी म्हटले, ज्यांना ते काम करून जेवावे लागते त्यांचे काय?

आता कॅमेरा कुणाच्या हातात, हा प्रश्न. वर सांगितलेले बरेचसे चित्रपट आपल्याविषयी आहेत, आपण केलेले नाहीत. पटवर्धनांच्या निष्ठेविषयी मला शंका नाही. पण सहानुभूती आणि स्वानुभव यांतला फरक दलित साहित्याने एवढ्या कष्टाने मांडला, तो पडद्यापाशी आल्यावर विसरायचा का? 'रायटिंग विथ फायर' (२०२१) पाहा. २००२ साली चित्रकूटला सुरू झालेल्या 'खबर लहरिया' या पत्राच्या दलित बातमीदार स्त्रियांवर तो आहे, आणि ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचला. पण २०२२ साली त्याच पत्राने जाहीर केले की चित्रपट हृदयस्पर्शी असला तरी आमच्या कामाचे चित्र त्यात अपुरे आहे. जगाने टाळ्या वाजवत असतानाही ज्यांच्यावर चित्रपट काढला त्यांनी हे म्हणावे, याचा मला अभिमान वाटला. चित्रपट पाहावा आणि ते निवेदनही वाचावे. सोमनाथ वाघमारे यांनी २०१७ साली भीमा कोरेगाववर अनुबोधपट केला. तिथल्या जयस्तंभाला दर १ जानेवारीला जाणारी माणसे त्यात घरच्या माणसासारखी बोलतात, कारण प्रश्न विचारणारा घरचा आहे. पुढच्याच १ जानेवारीला, २०१८ साली, तिथे हिंसाचार झाला; म्हणून त्या आधीच्या गर्दीचे ते चित्रण आता दस्तऐवज झाले आहे. रोहित वेमुलाच्या मृत्यूनंतर, १७ जानेवारी २०१६ नंतर, विद्यापीठांत उसळलेल्या लढ्यावर दीपा धनराज यांचा २०१८ चा चित्रपट आहे, तो विद्यार्थ्यांनी आवर्जून पाहावा.

दाखवणाऱ्यांसाठी एवढेच : खेळ दुपारी ठेवा, म्हणजे बायकांना येता येते. चित्रपट संपल्याबरोबर दिवे लावून भाषण सुरू करू नका. आमच्याकडे पहिल्या दोन खेळांना मीच ती चूक केली. लोकांना थोडा वेळ गप्प बसू द्या, मग आपोआप कुणीतरी बोलते. तो प्रश्न विचारणारा तरुण आता मोबाइलवर वस्तीतल्या म्हाताऱ्यांच्या लाँग मार्चच्या आठवणी टिपतो आहे. चौदा जणांच्या झाल्या आहेत. माझी पुढच्या रविवारी आहे.