डोंगरवाटांवरील वाटहक्क

डोंगरवाटांवरील वाटहक्क : डोंगर, घाट किंवा किल्ल्याकडे जाणारी पायवाट खासगी मालकीच्या जमिनीतून जात असेल, तर त्या वाटेने ये-जा करण्याचा लोकांचा हक्क. महाराष्ट्रात या विषयाचा स्वतंत्र कायदा नाही. जो काही हक्क आहे तो महसूल कायदा, सुविधाधिकाराचा कायदा, वन कायदा आणि रूढी यांच्यात विखुरलेला आहे. त्यांतल्या बहुतेक तरतुदी शेतकऱ्यासाठी केलेल्या आहेत. पाठीवर सॅक टाकून आलेला डोंगरभटक्या त्या करणाऱ्यांच्या मनातही नव्हता. ही नोंद मुख्यतः सह्याद्रीपुरती आहे.

संज्ञा : बोलीभाषेत ‘वहिवाटीचा रस्ता’ हा शब्द सर्रास चालतो. कायद्याच्या मराठीत ‘ईझमेंट’ला सुविधाधिकार म्हणतात, तर मालकाने खुशीने दिलेली आणि त्याला केव्हाही काढून घेता येणारी परवानगी म्हणजे अनुज्ञप्ती. गावातला माणूस हा भेद करीत नाही, आणि बहुतेक तंटे नेमके इथेच उभे राहतात. वाटांचे लोकांनी केलेले प्रकार वेगळे आहेत : घाटवाट, नाळ, सोंडेची वाट, निसणीची वाट, पाणवाट, ढोरवाट. शेतावर जाणाऱ्या, दोन्ही बाजूंनी बांध किंवा कुंपण असलेल्या वाटेला देशावर पाणंद म्हणतात.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : कोकण आणि देश यांना जोडणाऱ्या घाटवाटा व्यापारासाठी पडल्या. जुन्नरकडून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीसाठी होता, अशी परंपरागत समजूत आहे. बोरघाटातून १८३० मध्ये गाडीरस्ता खुला झाला, १८६३ मध्ये त्याच घाटातून रेल्वे वर आली, आणि लादलेल्या बैलांची वाहतूक हळूहळू मोजक्या घाटांत एकवटली. उरलेल्या वाटा गावकऱ्यांच्या पायांवर टिकल्या. माथ्यावरचा माणूस खालच्या बाजाराला उतरे, खालचा वरच्या जत्रेला चढे, आणि सोयरिकी दोन्हीकडे असत.

या वाटांची सर्वांत तपशीलवार लेखी नोंद जेम्स कॅम्बेल यांनी संपादित केलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये सापडते. ठाणे (१८८२), कुलाबा (१८८३) आणि पुणे (१८८५) या जिल्ह्यांच्या खंडांत घाटांच्या याद्या आहेत. कोणत्या घाटातून गाडी जाते, कोणत्यातून लादलेला बैल आणि कोणत्यातून नुसता माणूस, हे त्यांत नोंदलेले आहे. डोंगरभटक्यांनी या याद्या चढाईसाठी वापरल्या. महसुली वादात त्यांचा उपयोग करून घेण्याचे मात्र फारसे कोणी मनावर घेत नाही. वास्तविक अमुक वाट त्या काळी वापरात होती, एवढे तरी त्यांवरून दाखवता येते. जमीन कोणाची होती याविषयी गॅझेटियर अर्थातच गप्प आहे.

गावनकाशा आणि पोटखराबा : मुंबई इलाख्यातील भूमापन १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून सुरू केले. पुढे त्यातून गावोगावचे नकाशे तयार झाले. त्यांत गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखवण्याची पद्धत आहे. महसूल खात्याच्या हिशेबात पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट, तर गाडीमार्गाची साडेसोळा ते एकवीस फूट धरतात. शासनाने काढलेला नकाशा अचूक मानून चालावे, असे गृहीतक पुरावा कायद्यात आहे. म्हणून ही तुटक रेघ दिसते तेवढी क्षुल्लक नाही.

तिच्याइतकीच महत्त्वाची, पण डोंगरावरील लेखनात जवळजवळ न आढळणारी नोंद पोटखराब्याची होय. १९६८ च्या जमीनवापरविषयक महसूल नियमांत पोटखराब्याचे दोन वर्ग केले आहेत. वर्ग ‘अ’ म्हणजे खडक, नाला वगैरेंमुळे लागवडीला निरुपयोगी जमीन. वर्ग ‘ब’ म्हणजे सार्वजनिक कारणासाठी आकारणीतून वगळलेली जमीन. रस्ता किंवा मान्यताप्राप्त पायवाट यांनी व्यापलेली जमीन, तसेच इतरांच्या वापरातले तळे वा ओढा, या वर्गात मोडतात. एखाद्या गटाच्या सातबाऱ्यावर वर्ग ‘ब’चे काही गुंठे दिसले आणि नकाशावर तिथेच तुटक रेघ असली, तर सरकारने त्या पट्टीवर कधी सारा घेतलेला नाही. मग आज मालक ‘ही सगळी माझी’ म्हणत असेल, तर ती पट्टी वगळण्याचे कारण त्याला विचारता येते.

अडचण अशी, की सह्याद्रीच्या उतारावरील वरकस जमिनींत आणि डोंगर म्हणून एकगठ्ठा नोंदलेल्या क्रमांकांत वाटांची नोंद सर्वत्र सारखी नाही. गावाजवळची वाट नकाशावर असते. पहिल्या टेपाडापलीकडे तीच वाट नकाशातून नाहीशी होते.

कायदा : अनेक कायद्यांचा विचार करावा लागतो.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम २० नुसार, खासगी मालकीचे नसलेले सार्वजनिक रस्ते, गल्ल्या आणि वाटा राज्य शासनाच्या मालकीच्या आहेत. वाट सार्वजनिक आहे की खासगी, असा वाद निघाल्यास जिल्हाधिकारी चौकशी करतात. लोकांना गरज न उरलेल्या सार्वजनिक वाटेवरील हक्क विहित पद्धतीने संपुष्टात आणण्याची सोय कलम २१ मध्ये आहे. कलम १४३ सर्वांत परिचित. दुसऱ्याच्या भूमापन क्रमांकाच्या बांधावरून जाण्याच्या हक्काचा निर्णय तहसीलदार या कलमाखाली देतात, आणि तो देताना शेतकऱ्याला शेतात जाण्यासाठी लागणाऱ्या वाजवी वाटेची गरज पाहतात. निर्णय न पटल्यास एक वर्षाच्या आत दिवाणी दावा लावता येतो. मात्र हा अर्ज जमीनधारकानेच करायचा असतो. पुण्या-मुंबईहून आलेल्या गिरिप्रेमी मंडळाला या कलमाखाली उभेच राहता येत नाही.

मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ याच्या कलम ५ खाली, शेताकडे जाणाऱ्या वहिवाटीच्या रस्त्यात कोणी अडथळा आणला तर तो दूर करून मागता येतो. मुदत सहा महिन्यांची. हाही कायदा शेताचाच.

भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ मुंबई इलाख्याला १८९१ मध्ये लागू झाला. त्याच्या कलम १५ प्रमाणे एखादी वाट वीस वर्षे शांतपणे, उघडपणे, हक्क म्हणून आणि खंड न पडता वापरली, तर हक्क पक्का होतो. जमीन सरकारी असेल तर तीस वर्षे लागतात. ‘हक्क म्हणून’ हे शब्द इथे निर्णायक आहेत. दर वेळी मालकाला हाक मारून, ‘जाऊ का हो काका?’ असे विचारून गेलेल्या माणसाचा असा हक्क साठत नाही. त्याला मिळाली ती परवानगी. डोंगरात जाताना शिकवली जाणारी पहिली रीत आणि कायद्याची अपेक्षा इथे एकमेकांच्या उलट आहेत. प्रस्तुत लेखकाचा कौल अर्थात रीतीच्या बाजूने आहे.

त्यातून सुविधाधिकार जमिनीला चिकटलेला असतो, माणसाला नव्हे. ज्याची आसपास गुंठाभर जमीन नाही, त्याला या अधिनियमाचा फायदा नाही. मात्र अन्य जमिनीच्या मालकीवर अवलंबून नसलेले जनतेचे रूढिगत वा इतर हक्क या कायद्याने बाधित होत नाहीत, असे कलम २ स्पष्ट सांगते. डोंगरवाटेवरील सार्वजनिक हक्काची खरी जागा ही आहे. कलम १८ मधील रूढिगत सुविधाधिकार गावातील लोकांना उपयोगी पडू शकतो.

कलम ४७ मात्र धोक्याचे. वाटेचा हक्क सलग वीस वर्षे वापरला नाही तर तो विझतो. घाटाखालच्या गावात डांबरी रस्ता आणि एसटी पोचली, की गावकरी घाटवाट सोडतात. मग त्या वाटेला वर्षातून चार रविवारी येणारे ट्रेकर उरतात, आणि त्यांच्या पायांना कायद्याच्या दृष्टीने फारसे वजन नाही. सार्वजनिक वाट एकदा सार्वजनिक झाली की वापर थांबल्याने ती जात नाही, असाही एक पक्ष आहे. पण ती कधी तरी सार्वजनिक होती हे सिद्ध करणाऱ्याची दमछाक होते, कारण साक्ष देऊ शकणारे म्हातारे तोवर उरलेले नसतात.

सार्वजनिक वाट अडवल्यास कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे दाद मागता येते (पूर्वीचे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १३३, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १५२). समोरच्याने ‘वाट सार्वजनिक नाहीच’ असा पुराव्यानिशी पवित्रा घेतला, तर प्रकरण दिवाणी न्यायालयाकडे जाते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९१ खाली न्यायालयाच्या परवानगीने दोन वा अधिक व्यक्ती सार्वजनिक उपद्रवाचा दावा लावू शकतात, त्यांचे वैयक्तिक नुकसान झालेले नसले तरी. ट्रेकर मंडळांना खुले असलेले हे एक दार आहे.

दुसऱ्याच्या जमिनीतून नुसते चालत जाणे हा आपोआप गुन्हा होत नाही. फौजदारी अतिक्रमणासाठी गुन्हा करण्याचा, धमकावण्याचा, अपमान करण्याचा किंवा त्रास देण्याचा उद्देश लागतो. ‘अतिक्रमण केल्यास पोलिसांत देऊ’ ही पाटी म्हणून जेवढी दरडावते तेवढी खरी नाही. मालकाने बाहेर जा म्हटल्यावरही ठाण मांडून बसणे ही गोष्ट मात्र वेगळी.

वनजमीन : माथ्याकडील बराच भाग वनखात्याकडे आहे. भारतीय वन अधिनियम, १९२७ याच्या कलम २५ नुसार राखीव वनातील सार्वजनिक किंवा खासगी वाट बंद करता येते, मात्र सोयीची पर्यायी वाट उपलब्ध असली पाहिजे. अभयारण्यांत (उदा., कळसूबाई-हरिश्चंद्रगड) वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ ची प्रवेशबंधने लागू होतात. महाराष्ट्र खासगी वने (संपादन) अधिनियम ३० ऑगस्ट १९७५ पासून अमलात आला आणि अनेक खासगी रानांची मालकी शासनाकडे आली. त्यावरचे वाद दीर्घकाळ चालले. इथे त्यांत शिरण्याचे कारण नाही.

प्रत्यक्ष व्यवहार : बहुतेक वाटांवर मालकाशी तंटा होतच नाही. कळसूबाईला जाणारी बारी गावची वाट सुरुवातीला शेतांमधून जाते आणि मग चढाला लागते. अशा गावांत वाटाड्या, जेवण, मुक्काम यांतून चार पैसे येत असल्याने वाट उघडी राहण्यात गावाचाच फायदा असतो. भातलावणी ते कापणी या काळात बांध सोडून खाचरातून चालणे, गडग्याचे दगड पाडणे आणि वईतले कवाड उघडे टाकणे, या तीन गोष्टींवरून मात्र जुन्या ओळखीही तुटतात. गडगा पडला की गुरे पिकात शिरतात. त्या रात्री मालक कुंपण का घालतो हे समजायला कायदा लागत नाही.

तंट्याचे दुसरे कारण जमिनीचा खरेदीदार. मुळशी, मावळ, कर्जत, मुरबाड या पट्ट्यांत घाटपायथ्याच्या जमिनी फार्महाऊस आणि प्लॉटिंगसाठी विकल्या गेल्या. शासनाने १९९६ मध्ये गिरिस्थान स्वरूपाच्या क्षेत्रांसाठी विशेष विकासनियम केल्यावर डोंगराळ जमिनीला वेगळाच भाव आला. जुन्या मालकाच्या बांधावरून सारा गाव जात असे, आणि ते कागदावर आणायची कोणाला गरज वाटली नव्हती. नव्या मालकाने सातबारा पाहून जमीन घेतली, त्यावर वाट नव्हती, म्हणून त्याने तारेचे कुंपण घातले. दोघांपैकी कोणी खोटे बोलत नाही. याउलट, वडिलोपार्जित सामाईक जमिनीच्या सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावे आणि त्यांतली निम्मी मुंबईत, अशी स्थिती असली की लेखी परवानगी द्यायची तरी कोणी, असा प्रश्न पडतो.

शेतरस्त्यांची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात घेण्याचे निर्देश शासनाने २०२५ मध्ये दिले. या नोंदी पाणंदींपुरत्या न ठेवता घाटवाटांच्या पायथ्यापर्यंत नेण्यास तांत्रिक अडचण दिसत नाही, फक्त अर्ज गावातल्या खातेदाराचा हवा.

साहसी पर्यटनाविषयी २०१८ आणि २०२१ मध्ये शासनाने काढलेले आदेश सुरक्षितता आणि आयोजकांची नोंदणी यांसंबंधी आहेत. वाटहक्काचा प्रश्न त्यांनी सोडवलेला नाही.

इतर देश : इंग्लंडमधील किंडर स्काउट या पठारावर २४ एप्रिल १९३२ रोजी शेकडो कामगार तरुणांनी शिकारीसाठी राखलेल्या जमिनीत मुद्दाम प्रवेश केला. सहभागींचा आकडा सामान्यतः ४०० सांगतात, पण त्यावर एकमत नाही. पाच जणांना दोन ते सहा महिन्यांचा तुरुंगवास झाला. बेनी रॉथमन हा त्यांचा विशीतला पुढारी. या घटनेवर भरपूर लिहिले गेले आहे. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने वाटहक्क अधिनियम संमत केला, आणि लोकांनी वीस वर्षे वापरलेली वाट मालकाने सार्वजनिक केली असे मानण्याचे तत्त्व त्यात घातले. त्याची आठवण कोणी काढत नाही. परिणामांच्या दृष्टीने मात्र हा रुक्ष कायदा मोर्चापेक्षा कमी ठरू नये. १९४९ च्या अधिनियमाने प्रत्येक कौंटीला पायवाटांचा अधिकृत नकाशा करणे भाग पडले. त्या नकाशावरची नोंद हाच वाटेचा निर्णायक पुरावा. आपल्या गावनकाशातील तुटक रेघेला हे बळ नाही. पुढे २००० च्या अधिनियमाने डोंगर, माळ आणि नोंदलेल्या सामाईक जमिनींवर, वाट सोडूनही, पायी फिरण्याचा हक्क दिला. स्कॉटलंडने २००३ मध्ये याहून व्यापक, जबाबदारीने वापरायचा प्रवेशहक्क मान्य केला.

नॉर्वेत असा प्रवेशहक्क १९५७ च्या कायद्यात आहे.

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात अडचण मालकाच्या जबाबदारीची आहे. तिथल्या माउंट लिंकन, डेमोक्रॅट आणि ब्रॉस या शिखरांवर जुन्या खाणींचे खासगी पट्टे आहेत. अपघात झाल्यास भरपाई अंगावर येईल या भीतीने मालकांनी वाटा वेळोवेळी बंद केल्या. धोक्याची पाटी लावलेल्या मालकाला अधिक संरक्षण देणारी दुरुस्ती २०२४ मध्ये झाली. भारतात मालकाच्या अशा जबाबदारीविषयी स्वतंत्र कायदा नाही.

गोवा : पोर्तुगीज दिवाणी संहितेच्या (१८६७) वारशामुळे तेथील वाटहक्काचा विचार वेगळा करावा लागतो.